मुलांच्या वॉर्डातून बाहेर पडल्यावर

(दृश्य : बेसिनसमोर उभी असलेली स्त्री. चेहरा दिसत नाही, फक्त हात.)

साबणाने हात धुवून झाले. पाऊचमधून बारा नंबरची नळी निघाली, टोकाला थोडी जेली लागली. साडीच्या निऱ्या जरा खाली सरकवून ताईंनी ती नळी बेंबीत घातली. दुसरं टोक भांड्यात. लघवी येऊ लागली. थांबल्यासारखी झाली तेव्हा त्यांनी ओटीपोट हलकंसं दाबलं, उरलेली आली. नळी काढली, धुतली, पुसली, पाऊचमध्ये परत. दिवसातून पाच-सहा वेळा हे करायचं. ऑफिसात, लग्नघरी, एसटी स्टँडच्या स्वच्छतागृहात. तिथे आत जाण्याआधी नळाला पाणी आहे का, हे बघावं लागतं.

ताई पस्तिशीच्या आहेत. मूत्राशयाचा एक दोष घेऊनच त्या जन्माला आल्या. नाव सांगू नका, चेहरा दाखवू नका, म्हणाल्या. बाकी सगळं सांगा.

(दृश्य : कमरेचा एक्स-रे, उजेडासमोर धरलेला.)

पुढच्या बाजूने जिथे दोन्हीकडची हाडं जुळायला हवीत, तिथे मोकळी जागा दिसते आहे. बाळ आईच्या पोटात असताना, अगदी सुरुवातीच्या आठवड्यांतच, ओटीपोटाची पुढची भिंत जुळायची राहून जाते. मूत्राशय आत बंद पिशवीसारखं राहत नाही. पाकीट उघडून पसरावं तसं ते पोटावर उघडं राहतं आणि लघवी सतत ठिबकत असते. बेंबी नेहमीच्या जागेपेक्षा खाली असते. मुलींमध्ये मूत्रमार्ग उघडा, क्लिटोरिस दोन भागांत, योनी आखूड आणि तिचं तोंड पुढे सरकलेलं. गर्भाशय आणि बीजकोश मात्र बहुतेक वेळा व्यवस्थित असतात.

याला डॉक्टर ब्लॅडर एक्सस्ट्रॉफी म्हणतात. साधारण ३० ते ५० हजार जन्मांमागे एक बाळ. त्यातही मुलगे जास्त, मुली कमी. आईने गरोदरपणात काय खाल्लं, ग्रहणात काय चिरलं, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. हे ठासून सांगायला हवं, कारण अशा बाळाच्या आईला ते वर्षानुवर्षं ऐकवलं जातं.

(दृश्य : ऑपरेशन थिएटरचा दरवाजा, वरचा लाल दिवा.)

एके काळी ही मुलं मोठी होतील अशी फारशी आशाच नसे. १८५२ मध्ये लंडनचे सर्जन जॉन सायमन यांनी लघवी मोठ्या आतड्यात वळवण्याचा पहिला प्रयत्न केला. पुढची अनेक दशकं हीच वाट वापरली गेली. शौच आणि लघवी एकाच वाटेने, पण अंगावरचे कपडे कोरडे. त्याची किंमत उशिरा कळली. आतडं आणि मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून लघवी खाली आणणारी नळी) जोडलेल्या जागी पुढे कॅन्सर होण्याचा धोका असतो. म्हणून लहानपणी असं ऑपरेशन झालेल्या प्रत्येक बाईने, आज कितीही ठणठणीत वाटत असलं, तरी आतड्याची दुर्बिणीने नियमित तपासणी करून घ्यायला हवी. आपलं कोणतं ऑपरेशन झालं होतं हेच ज्यांना माहीत नाही, त्यांना हे सांगणार कोण?

१९७२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनचे मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिलं, की निर्जंतुक नसलेली पण स्वच्छ धुतलेली नळी ठरावीक वेळाने घालून मूत्राशय रिकामं केलं तरी चालतं. मग १९८० मध्ये फ्रान्समधल्या रुआँ शहरातले सर्जन पॉल मित्रोफानॉफ यांनी अपेंडिक्सचाच मार्ग करून मूत्राशय पोटाच्या कातडीला जोडण्याची शस्त्रक्रिया मांडली. ते छिद्र बेंबीत लपवता येतं. ताईंची बेंबी अशी सर्जनने घडवलेली आहे.

म्हणजे आज पंचेचाळिशीत असलेल्या बाईचं वय आणि या शस्त्रक्रियेचं वय साधारण एकच. यांच्या आधी लहानपणापासून म्हातारपणापर्यंत या वाटेने कोणी गेलेलंच नाही.

(दृश्य : अहमदाबादचं सिव्हिल हॉस्पिटल, बाहेरची गर्दी.)

आपल्या देशात या आजारासाठी मोठं काम अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चालतं. २००९ पासून अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया, बोस्टन आणि विस्कॉन्सिनच्या बालरुग्णालयांतले सर्जन तिथल्या डॉक्टरांबरोबर अशा मुलांची ऑपरेशनं करत आले आहेत. आधी ऑपरेशन झालेली मुलंही तपासणीसाठी परत बोलावली जातात. पाठपुरावा असा हवा. पण बहुतेक ठिकाणी काय होतं? मुलगी बालशल्यचिकित्सकांची पेशंट असते, तोवर वॉर्डातल्या सिस्टरसुद्धा तिला नावाने ओळखतात. शाळांमधून आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही अठरा वर्षांपर्यंतच. त्यानंतर ती मोठ्यांच्या ओपीडीत येते आणि तिथे तिची गोष्ट तिलाच पहिल्यापासून सांगावी लागते. दर वेळी. नव्या डॉक्टरसमोर. पडदा नसलेल्या खोलीत.

या बायकांकडे उत्तम सर्जन होते, म्हणून त्या जगल्या. मोठं झाल्यावर त्यांना आपला म्हणावा असा डॉक्टरच उरत नाही.

(दृश्य : स्त्रीरोग विभागाबाहेरचं बाकडं. बसलेल्या बायका, पाठमोऱ्या.)

अंग बाहेर येणं म्हणजे काय, हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. चार बाळंतपणं झालेल्या, जड ओझी उचललेल्या बायकांचं दुखणं, असंच आपण समजतो. इथे मात्र हाडं जुळलेली नसतात, खालून आधार देणारे स्नायू फाकलेले असतात. त्यामुळे एकही बाळंतपण न झालेल्या, विशीतल्या मुलीचंही गर्भाशय खाली सरकू शकतं. ती घाबरून दवाखान्यात जाते. पहिला प्रश्न येतो, ‘‘मुलं किती?’’

दुसरा प्रसंग याहून अवघड. मूत्राशय लहान असेल तर आतड्याचा तुकडा जोडून ते मोठं करतात. आतडं आपला चिकट स्राव सोडणं थांबवत नाही, म्हणून मोठ्या सिरिंजने सलाइन आत सोडून मूत्राशय धुवावं लागतं. नाही धुतलं तर खडे होतात. अशा मूत्राशयातल्या लघवीवर गरोदरपणाची साधी पट्टीची चाचणी केली, तर ती खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते. पोटात दुखतं म्हणून आलेली लग्न न झालेली मुलगी, बाहेर उभे आईवडील, आणि हातात ती पट्टी. खरं-खोटं रक्ताच्या तपासणीतून कळतं, पण ती करायची असते हे समोरच्याला माहीत असावं लागतं.

लग्नाविषयी ताई फार बोलल्या नाहीत. ‘‘स्थळ आलं की आई म्हणायची, आत्ता नको सांगूस. मी पहिल्याच भेटीत सांगितलं,’’ एवढंच म्हणाल्या. शरीरसंबंध शक्य असतात. काही जणींना योनीचं तोंड मोठं करण्याची छोटी शस्त्रक्रिया लागते. मूलही होऊ शकतं. दिवस गेल्यावर मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावं लागतं, आणि बाळंतपण सहसा ठरवून सिझेरियनने करतात, तेही मूत्ररोग सर्जनला सोबत घेऊन, कारण पोटात कुठे काय जोडलेलं आहे ते चिरण्याआधी माहीत हवं. बाळालाही हाच दोष असण्याची शक्यता साधारण सत्तरात एक. म्हणजे इतरांपेक्षा कितीतरी जास्त, आणि तरीही बहुतेक बाळं या बाबतीत निरोगीच.

सरकारदरबारी मात्र यांची नोंद कुठे करायची हा प्रश्नच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे. लघवीवर ताबा नसणं त्यात नाही. नळ्या, जेली, पॅड, दरवर्षीची सोनोग्राफी, मूत्रपिंडांसाठीची क्रिएटिनिनची रक्ततपासणी, सगळं घरखर्चातूनच. म्हणून एकदाच वापरायची नळी धुऊन धुऊन वापरली जाते. यात आळस नाही. परवडत नाही.

(दृश्य : टेबलावर उघडलेली जुनी फाइल. पिवळे पडलेले कागद, त्यावर एक नवा कोरा कागद.)

ताईंनी एक पान तयार केलं आहे. वर मराठी, मागे इंग्रजी. कोणतं ऑपरेशन कोणत्या वर्षी झालं. नळी बेंबीतून घालायची, खालून जोर करून घालायची नाही. नळीचा नंबर. लॅटेक्सचे (रबराचे) हातमोजे चालत नाहीत. लघवीत जंतू नेहमीच सापडतात. ताप किंवा दुखणं नसेल तर केवळ रिपोर्ट बघून अँटिबायोटिक देऊ नये. गरोदरपणाची तपासणी रक्तावरच करावी. आणि लाल शाईने : अचानक पोट फुगून असह्य दुखलं, तर मूत्राशय फुटलेलं असू शकतं, थांबू नका.

तुमच्या घरात अशी मुलगी असेल, अठराची असो की अठ्ठेचाळीसची, तिचं ऑपरेशन जिथे झालं त्या रुग्णालयातून डिस्चार्ज कार्डाची प्रत मागून घ्या. जुने कागद फार वर्षं ठेवले जात नाहीत. ते मिळाले की तिच्या डॉक्टरांना सोबत बसवून असं एक पान लिहा, आणि त्याचा फोटो तिच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवा.