मेपल, भाचा आणि काकूंचं पाकीट

नमस्कार मंडळी. तर परवा शेजारच्या काकू बियांचं एक पाकीट नाचवत आल्या, ऑनलाइन मागवलेलं, वर निळ्याशार पानांच्या मेपलचा, म्हणजे थंड प्रदेशातल्या एका झाडाचा फोटो, म्हणे बाल्कनीत लावते. म्हटलं काकू, मेपल लाल होतो, पिवळा होतो, केशरी होतो, निळा कुठेच होत नाही, पैसे गेले समजा! आणि खरा असता तरी दादरला काय करणार तो, त्याला हिवाळ्यात पानं झाडून कडाक्याच्या थंडीत चांगलं झोपायला लागतं, तेव्हा कुठे वसंतात नीट पालवी फुटते, आपल्याकडे जानेवारीत पारा 16-17 वर आला की आपलेच स्वेटर बाहेर.

पण माझा भाचा न्यू जर्सीला असतो, त्याने घर घेतल्या घेतल्या लावला, लवकर सावली पाहिजे म्हणून सिल्व्हर मेपल. पान वरून हिरवं, खालून चंदेरी, वारा आला की अख्खं झाड चमकतं. वर्षाला दोन-तीन फूट सहज वाढतं, पण घाईने वाढलेलं लाकूड ठिसूळ, वादळात नाहीतर बर्फाच्या ओझ्याने फांद्या काडकन मोडतात, मुळं वरवर पसरून फुटपाथ उचलतात, जुन्या ड्रेनेजच्या पाइपात घुसतात. मी त्याला म्हटलं होतं, फ्रीमन मेपल घे, सिल्व्हर आणि रेड मेपलचा संकर, अमेरिकेत 1933 मध्ये केलेला, वाढतो जोरात आणि फांद्या जरा मजबूत. पण मावशीचं ऐकतो कोण.

दुसऱ्या वर्षी याचा व्हिडिओ कॉल, मावशी झाड रुसलंय, पानं पिवळी पडतायत. म्हटलं फोन खाली धर, बुंधा दाखव. बघते तर काय, खोड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत गेलेलं आणि भोवती लाकडाच्या भुश्शाचा ढीग, थेट सालीला टेकलेला! अरे, बुंधा जिथे रुंद होऊन मुळं सुटतात ना, तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे, नाहीतर साल कुजते, मुळं खोडालाच वेटोळं घालतात. मग पठ्ठ्याने हातांनी चार इंच माती उकरली, एक वेटोळं कापलं, भुसा दोन-तीन इंचांचा थर करून खोडापासून वीतभर लांब सरकवला. पाणी रोज शिंपडू नको म्हटलं, आठवड्यातून एकदा, पाइप बारीक सोडून, खोलवर मुरेपर्यंत, पहिली दोन वर्षं तरी. छाटणी पानं पूर्ण आल्यावर उन्हाळ्यात कर, थंडी संपताना केलीस तर रस टपटपत राहतो, झाड मरत नाही पण बघणाऱ्याचा जीव जातो.

आता ठीक आहे झाड, मागच्या ऑक्टोबरमध्ये पिवळंधमक झालेलं, फोटो आला.

लाल पानांचीच हौस असेल ना, तर थंडीत चौपाटीकडे जा, देशी बदामाची झाडं बघा, गळायच्या आधी पानं कशी लालभडक होतात. आणि हो, काकूंच्या कुंडीत एक रोप आलंय बरं का. टोमॅटोचं आहे.