आईखेरीज आणखी कोणाला भरवता येतं?

नमस्कार मंडळी! इंदूरहून, आमच्या लोकमान्य नगरातून बोलतेय. माझ्या हातात हा चमचा दिसतोय ना? उथळ, लहान, सिलिकॉनचा. माझ्या भाच्याचा आहे.

भाचा चार वर्षांचा आहे आणि त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे मेंदू घडत असतानाच, कधी पोटात, कधी जन्माच्या वेळी, कधी जन्मानंतर थोड्या दिवसांत, त्याला इजा होते. ती इजा पुढे वाढत नाही, पण हातापायांचे, मानेचे स्नायू नीट साथ देत नाहीत. जिभेचेसुद्धा. हे जिभेचं कोणाच्या लक्षातच येत नाही! घास मागे ढकलायचा, श्वास थांबवून गिळायचा, हे आपण न शिकता करतो. या मुलांना त्यासाठी झगडावं लागतं. वाटीभर खिचडीला तास लागतो.

तीन वर्षं तो फक्त माझ्या वहिनीच्या हातून जेवला. दुसऱ्या कोणी चमचा धरला की ठसका लागायचा. आम्ही सगळे म्हणायचो, "त्याला आईच लागते हो!" कौतुकानं म्हणायचो. आणि वहिनी अंगात ताप असताना उठून भरवायची. सख्ख्या बहिणीच्या लग्नात ती जेमतेम अक्षतांपुरती थांबली, कारण त्याच्या जेवणाची वेळ झाली होती. त्या कौतुकामागे आम्ही आमचे हात मोकळे ठेवले होते, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून आज एकच सांगायचंय. अशा मुलाच्या घरात आईखेरीज आणखी एका माणसाला भरवता आलंच पाहिजे. आजोबा असोत, काका असोत, आत्या असो. हे शिकता येतं. मुलांना खायला-गिळायला शिकवणाऱ्या थेरपिस्टकडे वहिनीच्या शेजारी बसून मी शिकले.

पहिली गोष्ट बैठक. आडवं घेऊन, मान मागे टाकून भरवू नका. मान मागे गेली की घास श्वासनलिकेत जायची भीती असते. पाठ सरळ, कंबर खुर्चीत मागे टेकलेली, पाय लोंबकळत न ठेवता खाली पाटावर टेकवलेले. हनुवटी किंचित खाली. आणि तुम्ही उभं राहून वरून भरवू नका, कारण मूल वर बघतं आणि मान मागे जाते. त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसा.

चमचा समोरून, खालच्या बाजूनं आणा. अर्धाच भरा. जिभेवर हलकेच टेकवा, ओठ मिटू द्या, मग सरळ बाहेर काढा. वरच्या दातांवर पुसून काढू नका. आणि मग थांबा. गिळलेलं दिसल्याशिवाय दुसरा घास नाही. मला सगळ्यात अवघड गेलं ते हे थांबणंच. हात आपोआप पुढे जातो.

आता पोहे. आपल्या इंदुरात सकाळ पोह्यांशिवाय उजाडत नाही, आणि आजीला वाटतंच की नातवानंही चार दाणे खावेत. पण सुटे दाणे तोंडभर पसरतात, वर शेव टोचते. माझी आई, म्हणजे त्याची आजी, आता दहीपोहे अगदी मऊ कालवून देते. पातळ पाण्यापेक्षाही घट्टसर पदार्थ बऱ्याच मुलांना सांभाळायला सोपे जातात. तुमच्या मुलाला किती घट्ट चालेल ते थेरपिस्टलाच विचारा. जेवण झालं की अर्धा तास तरी आडवं करू नका.

खाताना वारंवार खोकला येतो, डोळ्यांत पाणी येतं, आवाज ओलसर, घरघरता होतो, छातीत सारखा कफ होतो, तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

आणि ज्यांचं बाळ अजून लहान आहे त्यांच्यासाठी. ९ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसणं, १८ महिन्यांपर्यंत चालणं, हे झालं नाही तर "काही मुलं उशिरा चालतात" यावर थांबू नका. आम्हाला एका दवाखान्यात हेच सांगितलं गेलं आणि आमचं एक अख्खं वर्ष गेलं. २०१३ पासून सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी असते आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार सुरू करणाऱ्या केंद्राकडे, पाठवतात. अंगणवाडीत जाऊन तारीख विचारा.

कागदपत्रांत आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. मग नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय योजना. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा, आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

शिकायला सुरुवात करताना लगेच चमचा हातात घेऊ नका. आठवडाभर आईच्या शेजारी नुसतं बसा. मुलाला तुमचा चेहरा, तुमचा आवाज जेवणाच्या वेळी ओळखीचा होऊ द्या. मग पहिले दोन घास तुमचे, बाकी आईचे. आम्हाला दोन घासांपासून पूर्ण वाटीपर्यंत पोचायला दोन महिने लागले.

आता रविवारी दुपारचं जेवण माझ्याकडे असतं. पहिल्या रविवारी वहिनी आतल्या खोलीत पडली होती, पण दार उघडंच ठेवलं होतं तिनं. परवा आत डोकावले, तर दार लोटलेलं होतं आणि ती गाढ झोपली होती.