अडीचशे किलोबाइटांतला कारभार

श्रोतेहो, नमस्कार.

१९८५ साली पर्सनल कॉम्प्युटरवर पत्र टाइप करता करता फ्लॉपी, म्हणजे माहिती साठवायची चकती, फॉरमॅट करायची, म्हणजे वापरासाठी तयार करायची वेळ आली, तर आधी पत्र सेव्ह करून तो प्रोग्रॅम बंद करावा लागे. मग फॉरमॅटची आज्ञा द्यायची आणि काम संपेपर्यंत पडद्याकडे बघत बसायचं. आयबीएमच्या पीसीवरची डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवायची. अ‍ॅपलचा मॅकिन्टॉश वर्षभरापूर्वी आला होता, दिसायला देखणा, पण या बाबतीत तोही तसाच.

त्याच वर्षी २३ जुलैला न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये कमोडोर कंपनीने अमिगा हा कॉम्प्युटर लोकांपुढे आणला. चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी गायिका डेबी हॅरी यांचं चित्र त्यावर रंगवून दाखवलं, आणि गाजलं ते तेच. मला मात्र त्या यंत्राच्या पोटात चाललेलं काम जास्त मोलाचं वाटतं. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

अमिगाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, कार्ल सॅसनराथ या तरुण इंजिनिअरने लिहिला. त्याचं नाव एक्झेक. सॅसनराथ आधी ह्यूलेट-पॅकार्डमध्ये होते, मोठ्या यंत्रांवर एकाच वेळी अनेक कामं कशी चालतात हे त्यांनी आतून पाहिलं होतं. तेच त्यांनी घरगुती यंत्रात आणायचं ठरवलं. हाताशी होता मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर आणि अवघी २५६ किलोबाइट मेमरी. आज फोनवर काढलेला एक फोटोही त्यात मावायचा नाही. वर्षभर आधी ब्रिटनमध्ये सिंक्लेअरच्या क्यूएल या कॉम्प्युटरनेही मल्टिटास्किंग, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं चालवणं, आणलं होतं, तेव्हा अमिगा पहिला होता असं मी म्हणणार नाही. पण खिडक्या, रंग, आवाज आणि ही सोय एकत्र घेऊन तो आला, हे खरं.

हे चालायचं कसं? एक्झेक प्रत्येक कामाला प्रोसेसरचा थोडा वेळ देतो. वेळ संपली की घड्याळाचा इशारा येतो आणि बरोबरीचं दुसरं काम वाट पाहत असेल तर त्याची पाळी लागते. आधीचं काम ‘थांबा, माझं व्हायचंय’ म्हणू शकत नाही. हे फार महत्त्वाचं. सुरुवातीच्या विंडोजमध्ये प्रोसेसर सोडायचा की नाही हे प्रोग्रॅमच्या मर्जीवर होतं, आणि एक अडून बसला की सगळेच अडायचे. विंडोजवाल्या घरांमध्ये ही सुधारणा पोचायला १९९५ उजाडलं, मॅकला तर २००१.

आता फ्लॉपीकडे परत येऊ. अमिगावर ती फॉरमॅट होत असताना फॉरमॅटचा प्रोग्रॅम डिस्ककडे विनंती पाठवतो आणि झोपी जातो. झोपलेलं काम प्रोसेसरचा वेळ खात नाही. फ्लॉपीपर्यंत माहिती पोचवण्याचं ओझं वेगळ्या चिपांवर पडतं. ट्रॅक, म्हणजे फ्लॉपीवरचं एक वर्तुळ, लिहून झाला की इशारा येतो, काम जागं होतं, पुढची विनंती पाठवतं. मधल्या वेळात तुमचं पत्र चालूच.

कामं एकमेकांशी बोलतात ती निरोपांतून, आणि इथेच या रचनेची खरी हुशारी आहे. निरोपातला मजकूर इकडून तिकडे उतरवून घेतला जात नाही. सामान फडताळातच राहतं, शेजाऱ्याच्या हाती फक्त ‘अमक्या खणात बघ’ एवढी चिठ्ठी जाते. म्हणजे मेमरीतला पत्ता. त्यामुळे मेमरी वाचते, वेळही वाचतो. ही काटकसर नसती तर इतक्या तुटपुंज्या मेमरीत हा डोलारा उभाच राहिला नसता.

मात्र त्यासाठी सगळ्या कामांना सगळी मेमरी खुली ठेवावी लागली. ६८००० मध्ये कामांभोवती कुंपण घालायची सोयही नव्हती. एखाद्या प्रोग्रॅमने चुकून दुसऱ्याच्या जागेत लिहिलं की सगळं यंत्र कोसळायचं. काळ्या पडद्यावर लाल चौकट लुकलुकायची, आत लिहिलेलं असायचं ‘गुरू मेडिटेशन’, आणि पुढे दोन आकडे: काय बिघडलं ते, आणि ते कोणत्या कामात बिघडलं त्याचा पत्ता. अमिगाच्या मंडळींनी पूर्वी अटारी या व्हिडिओ गेमच्या यंत्रासाठी जॉयबोर्ड नावाची पायांखाली घ्यायची फळी बनवली होती. त्या फळीवर अजिबात न हलता बसून राहायचं, या त्यांच्या खेळातून ते नाव आलं.

फाइलींचा भाग घाईत झाला. आधीची योजना वेळेत पुरी होईना, म्हणून केंब्रिज विद्यापीठात जन्मलेली ट्रायपॉस ही सिस्टिम आणून जोडली. तिचे पत्ते मोजायची रीत वेगळी, त्यामुळे प्रोग्रॅमर बरीच वर्षं कुरकुरत राहिले. ती कुरकुर रास्तच होती.

एप्रिल १९९४ मध्ये कमोडोर बुडाली. सिस्टिम मात्र टिकली. २०२१ साली तिची ३.२ ही आवृत्ती निघाली, जुन्या यंत्रांवर चालणारी. पुढच्या प्रोसेसरांमध्ये कुंपणाची सोय आली, तरी त्या आवृत्तीतही कामांमध्ये ते घातलेलं नाही. घालणार कसं? इतक्या वर्षांत लिहिलेले सगळे प्रोग्रॅम एकमेकांच्या खणांत हात घालूनच बोलतात. कुंपण घातलं, तर त्यांचं बोलणंच बंद पडेल.