गायिका, निवेदिका आणि पट्टीचा प्रश्न

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेत विषय छापलाय ‘सिला ब्लॅक : पॉप गायिका ते टीव्ही निवेदिका’. पत्रिकेतलं सगळं सांगणार आहे, पण माझ्या क्रमानं. आणि मधेच मी भरकटणार हे इथल्या नेहमीच्या श्रोत्यांना ठाऊक आहे, म्हणून माझं म्हणणं आधीच मांडून ठेवतो. ‘गाणं संपलं म्हणून बाई टीव्हीकडे वळली’ असं तिच्याबद्दल सर्रास बोललं जातं. मला ते साफ नामंजूर आहे. गायिका म्हणून ती जे शिकली तेच तिनं टीव्हीवर वापरलं, फक्त तिथं तिला स्वतःची पट्टी, म्हणजे गळ्याला मानवणारा मूळ सूर, मिळाली. १९६३ साली पहिली रेकॉर्ड निघाली आणि पट्टी सापडली १९८५ साली. बावीस वर्षं. आपल्याकडे एवढ्यात दोन विशारद होतात.

जन्म २७ मे १९४३, लिव्हरपूल. खरं नाव प्रिसिला व्हाइट. वडील गोदीत, आईचा बाजारात जुन्या कपड्यांचा ठेला. दिवसा टायपिस्टची नोकरी आणि फावल्या वेळात कॅव्हर्न क्लबात प्रेक्षकांचे कोट सांभाळायचं काम. कॅव्हर्न म्हणजे मॅथ्यू स्ट्रीटवरचं तळघर, भिंतींना घाम फुटायचा असं. तिथल्या बँडना ही मुलगी गाते हे माहीत होतं, त्यामुळे कोट ठेवून मधेच वर जायची, एखादं गाणं म्हणायची, परत कोट. ‘मर्सी बीट’ नावाचं तिथलं एक वृत्तपत्र होतं. त्याच्या संपादकाला, बिल हॅरीला, तिचं आडनाव आठवेना. रंगाचं आहे एवढंच डोक्यात होतं. व्हाइटच्या जागी ब्लॅक छापून आलं आणि ते तसंच राहिलं. छपाईतल्या चुकीनं कुणाचं इतकं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. आपल्याकडे लग्नपत्रिकेत चूक झाली तर प्रेसवाल्याशी भांडण होतं.

आता ऑडिशन. बीटल्समधल्या जॉन लेननच्या शिफारशीवरून त्यांच्या मॅनेजरनं, ब्रायन एपस्टाइननं, तिला ऐकायचं ठरवलं. नदीपलीकडे बर्कनहेडला बीटल्सचा कार्यक्रम होता, तिथंच तिनं गायचं, साथीला साक्षात बीटल्स. तिनं ‘समरटाइम’ निवडलं. आणि आपटली. एपस्टाइननं नकार दिला. कारण? घाबरली होती हे खरंच, पण खरं कारण म्हणजे बीटल्सनी गाणं त्यांच्या पट्टीत वाजवलं.

इथं मी थोडा थांबणार आहे, कारण हा अन्याय लिव्हरपूलपुरता नाही. पुरुष पेटीवरच्या काळी एकच्या आसपास गातो आणि बाई त्याहून चढ्या काळी चार, काळी पाचला, हे इथं पेटीवाल्याला सांगावं लागत नाही. पुरुषाच्या पट्टीत बाईला गायला लावलं की दोनच वाटा उरतात. खालच्या सप्तकात गायचं, तर मुखडा मंद्रात जातो, तिथं आवाजात हवाच जास्त, शब्द पोचत नाहीत. वरच्या सप्तकात गायचं, तर अंतऱ्याला किंकाळी. ‘समरटाइम’सारख्या संथ गाण्यात तर लपायलाही जागा नाही. गिटारवाल्याकडे कॅपो असतो, तो छोटा चिमटा दांडीवर दोन पडदे पुढे लावला की सूर वर सरकतो, बोटं तीच. फार तर मिनिटाचं काम. पण बासला कॅपो नसतो, त्या वादकाला डोकं चालवून जागा बदलावी लागते, आणि मंचावर ऐन वेळी ‘जरा वर घेता का?’ असं विचारायची एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीची काय टाप!

आज आपल्या सोसायटीच्या गणेशोत्सवात तेच चालतं. कराओकेचा ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत. काकू म्हणतात, ‘अगं, माझा आवाज आज बसलाय.’ आवाज बसलेला नसतो, ट्रॅक चुकीच्या पट्टीत असतो. तो सॉफ्टवेअरनं सरकवता येतो, पण दोन-तीन स्वरांपलीकडे ओढला की ढोलक पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. मग काकूंनाच दोष. (हशा.) हसताय, पण पुढच्या वर्षी आधी पट्टी विचारा आणि मग नावं पुकारा.

असो. पुढे एपस्टाइननं तिला ‘ब्लू एंजल’ क्लबात पुन्हा ऐकलं. या वेळी तिच्या पट्टीत, जॅझच्या अंगानं, आरामात. सप्टेंबर १९६३ मध्ये करार झाला. गळा तोच, ऐकणाराही तोच. फक्त पट्टी बदलली होती.

पहिली रेकॉर्ड बीटल्सच्याच लेनन-मॅकार्टनीच्या गाण्याची, गेली पस्तिसाव्या क्रमांकापर्यंत. दुसरी मात्र १९६४ च्या फेब्रुवारीत थेट पहिली : अमेरिकी संगीतकार बर्ट बॅकरॅकचं ‘एनीवन हू हॅड अ हार्ट’. निर्माता जॉर्ज मार्टिन, त्याच्या मनात आधी गायिका शर्ली बॅसी होती. एपस्टाइन म्हणाला, नाही, सिलाच. गाणं ऐकायला साधं आणि गायला महाकठीण. चार मात्रांत चालता चालता पाचाच्या मात्रेत शिरतं आणि एका वळणावर साडेतीन मात्रांचा एक तुकडा मधेच टाकलाय. तबलजीला समोर बसवून टाळी द्यायला सांगा, दुसऱ्या आवर्तनात तो तुमच्याकडे बघायला लागेल. सुटका एकच : मात्रा मोजायच्या नाहीत, वाक्य बोलायचं. बोलण्याचं वजन जिथं पडतं तिथंच बॅकरॅकनं सम ठेवलीय. हे वाक्य लक्षात ठेवा, टीव्हीपाशी आलो की लागेल. वेळ उरला तर.

मूळ गाणं अमेरिकेत डिऑन वॉरविकचं. ब्रिटनमध्ये सिलाची रेकॉर्ड तिच्यापुढे गेली, याचा राग डिऑननं पुढे कित्येक वर्षं बोलून दाखवला. आपण गाताना मधेच खोकलो असतो तर सिलानं तो खोकलाही उचलला असता, अशा अर्थाचं ती म्हणायची. मला दोघींचं पटतं. नक्कल होतीच, पण गळ्याची जात वेगळी. डिऑन सुरावरून घरंगळत जाते. सिला दोन ओळी कानात सांगितल्यासारखी म्हणते आणि तिसरीला छातीतून आवाज फेकते. त्याच वर्षी ‘यू आर माय वर्ल्ड’ हे मूळचं इटालियन गाणंही पहिल्या क्रमांकावर गेलं, तिथंही हीच युक्ती. ध्वनिमुद्रकाची मात्र परीक्षा. हळू ओळीसाठी माइकची पातळी वर ठेवावी तर फेकलेला सूर फाटतो, खाली ठेवावी तर हळू ओळ वाद्यांत बुडते. आवाज कमी-जास्त करायच्या फेडरवर बोट ठेवूनच बसायचं, आणि गायिकेनं वेळेवर मान मागे घ्यायची.

‘ॲल्फी’ची हकिगत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्याच नावाच्या ब्रिटिश चित्रपटासाठी बॅकरॅक आणि गीतकार हॅल डेव्हिडनं लिहिलेलं गाणं. सिलाला गायचं नव्हतं. ॲल्फी हे काय नाव झालं, कुत्र्याला शोभेल, असं तिचं मत. सरळ नाही म्हणता येईना, म्हणून अटी घातल्या. संगीतसंयोजन बॅकरॅकनं स्वतः करावं. कबूल. मग लंडनला यावं. कबूल. मग पियानोवर स्वतः बसावं. तेही कबूल! नाही म्हणायच्या नादात अडकली.

सत्र ॲबी रोडच्या मोठ्या स्टुडिओत. ४८ वादक, साथीच्या गायिका, पियानोवरूनच संचालन करणारा बॅकरॅक, काचेमागे जॉर्ज मार्टिन. गायिका आणि वाद्यवृंद एकाच वेळी ध्वनिमुद्रित होणार, म्हणजे व्हायोलिनच्या रांगेत एकाचा गज घसरला तरी सगळं पहिल्यापासून. आणि हे गाणं सुरू होतं प्रश्नानं, जवळजवळ कुजबुजत, चढत चढत पूर्ण ताकदीवर जातं आणि शेवटी पुन्हा त्याच प्रश्नावर उतरतं. चढताना दम संपवला की उतरताना सूर थरथरतो. एक टेक, दुसरा, पाचवा, दहावा. सिला अठरा सांगायची, काही जण त्याहून बरेच जास्त सांगतात. शेवटी मार्टिननं विचारलं की बाबा, तू नेमकं शोधतोयस काय? बॅकरॅक म्हणाला, ती थोडीशी जादू. मार्टिनचं उत्तर : ती चौथ्या टेकमध्येच मिळाली होती. या सत्राचं चित्रीकरण आजही बघायला मिळतं. टेक संपला की ती पियानोकडे बघते, तो चेहरा बघा. गाणं ब्रिटनमध्ये नवव्या क्रमांकापर्यंत गेलं. चित्रपटाच्या अमेरिकी प्रतीला शेर या गायिकेचा आवाज लावला आणि १९६७ मध्ये अमेरिकेत गाजलं ते डिऑन वॉरविकच्याच आवाजात. हिशेब फिटला.

चिठ्ठी आलीय. ‘१० मि.’ त्याखाली दोन रेघा. बरं, मूळ विषय अजून सुरूच झालेला नाही, तेव्हा आता पळतो.

२७ ऑगस्ट १९६७ ला एपस्टाइन गेला. जाण्याआधी बीबीसीवर तिच्या नावाच्या मालिकेचं बोलणं त्यानं केलं होतं. ‘सिला’ सुरू झाली ३० जानेवारी १९६८ ला. मुंबईत दूरदर्शन यायला तेव्हा आणखी चार वर्षं होती. शीर्षकगीत पॉल मॅकार्टनीचं. ६ फेब्रुवारीला पाहुणा होता रिंगो स्टार, आणि दोनेक आठवड्यांत तो हृषीकेशला पोचला, बरोबर डबाबंद घेवड्यांची सुटकेस घेऊन. (हशा.) त्यावर मागच्या महिन्यात व्याख्यान झालंय, मी शिरत नाही. १९६९ मध्ये बॉबी विलिसशी लग्न. एपस्टाइननंतर तिचा सगळा व्यवहार त्यानंच पाहिला. मालिका १९७६ पर्यंत चालली, पण तिचा साचा जुनाच : गाणं, पाहुणा, लुटूपुटूचं प्रहसन, गाणं. प्रेक्षकांना भावायची ती कॅमेरा बाहेर नेऊन सामान्य माणसांशी गप्पा मारणारी सिला. नियोजनात मात्र तो मसाला आणि मंचावरचं गाणं हे जेवण. पुन्हा पट्टी चुकीची.

मग पडता काळ. गाण्याची फॅशन बदलली, रेकॉर्ड खपेनात, क्लब आणि नाताळची नाटकं. १९८३ मध्ये टेरी वोगनच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात ती आली ती जुन्या गाण्यांचा संग्रह खपवायला, आणि लिव्हरपूलच्या गोष्टी सांगत बसली, आपल्या अस्सल बोलीत. प्रेक्षक लोटपोट. लंडन वीकेंड टेलिव्हिजनच्या ॲलन बॉईडनं हे हेरलं. १९८४ मध्ये ‘सरप्राइज सरप्राइज’, दुरावलेल्या माणसांना भेटवणारा कार्यक्रम. त्यात ती निरोपसुद्धा गाऊन द्यायची. आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये ‘ब्लाइंड डेट’, अनोळखी माणसांच्या जोड्या जमवणारा.

मूळ कल्पना अमेरिकेच्या ‘डेटिंग गेम’ची, ऑस्ट्रेलियामार्गे आलेली. पहिला पायलट, म्हणजे चाचणीचा भाग, एका विनोदवीराला घेऊन केला होता, तो बाजूला पडला. नियामक मंडळाला धाकधूक होती की हे प्रकरण चावट होईल. ४२ वर्षांची, तीन मुलांची आई, मावशीसारखी दिसणारी बाई आल्यावर तोच चावटपणा कौटुंबिक झाला. मावशीनं डोळा मारला तर कोण तक्रार करणार?

रचना बघा. पडद्याच्या एका बाजूला एक निवडणारा किंवा निवडणारी, दुसऱ्या बाजूला स्टुलांवर तिघं. तीन प्रश्न, प्रत्येकी तीन उत्तरं, म्हणजे नऊ. मग ‘आपला ग्रॅहम’, ग्रॅहम स्किडमोर, फक्त आवाज, नऊ उत्तरांची एकेका वाक्यात उजळणी करतो, कारण घरी चहा ओतणाऱ्या माणसाच्या लक्षात काहीच राहिलेलं नसतं. निवड झाली की आधी नाकारलेले दोघं बाहेर येतात, म्हणजे हातातून काय निसटलं ते कळावं, आणि मग पडदा सरकतो. पाकीट निवडायचं, सहलीचं ठिकाण कळतं. पुढच्या आठवड्यात दोघं सोफ्यावर, आणि एकमेकांबद्दल कॅमेऱ्यासमोर वेगवेगळं काय बोलले होते ते दोघांसमोरच दाखवायचं.

आता कान उघडे ठेवा. नऊ उत्तरं म्हणजे हळू ओळी. तिथं ती जवळजवळ बोलतच नाही : तुझं नाव काय, गाव कुठलं, एक भुवई वर. नवखा निवेदक इथंच फसतो. प्रत्येक उत्तरावर स्वतःची कोटी करतो, सहाव्या उत्तरापर्यंत प्रेक्षकांचं हसू खर्चून टाकतो आणि पडदा सरकतो तेव्हा शिल्लक काही नसतं. सिला राखून ठेवायची आणि पडद्याला सगळा आवाज फेकायची. सोफ्यावर पुन्हा खाली उतरायचं : प्रश्न चार शब्दांचा, आणि मग थांबायचं, पाहुण्याला ती शांतता भरून काढावीच लागेल इतकं. ‘ॲल्फी’चा आराखडा काढा आणि याच्याशेजारी ठेवा. मात्रा न मोजता वाक्याचं वजन पकडायचं म्हणालो होतो, ते हेच.

ऐन भरात कार्यक्रमाला पावणेदोन कोटींच्या आसपास प्रेक्षक असायचे. एकदा एका मासिकाची पत्रकार स्पर्धक बनून शिरली, तिला सिलानं कॅमेऱ्यासमोरच फैलावर घेतलं. १९९७ मध्ये ओबीई हा ब्रिटिश किताब मिळाला, १९९९ मध्ये बॉबी गेला. शेवटी शेवटी पडदा सरकल्यावर निवड बदलायची मुभा दिली गेली. म्हणजे सम आल्यावर ‘नको, पुन्हा घेऊ’! जानेवारी २००३ मध्ये एका विशेष भागात तिनं कार्यक्रम सोडत असल्याचं जाहीर केलं, निर्मात्यांना न सांगता. तो भाग थेट प्रक्षेपित होता. मुद्रित असता तर संकलनात कापता आला असता. वेळेची एवढी जाण.

१ ऑगस्ट २०१५ ला स्पेनमध्ये एस्टेपोनाजवळच्या घरी पडून मेंदूत रक्तस्राव झाला, त्यात ती गेली. त्याच महिन्यात तिच्या गाण्यांचा संग्रह ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. अल्बमच्या यादीत तिचा हा पहिलाच पहिला क्रमांक.

दुसरी चिठ्ठी आलीय, हिच्यावर नुसत्याच रेघा आहेत. प्रश्न बाहेर चहापाशी घेऊ. ऑस्ट्रेलियाची आवृत्ती आणि १९९८ चा तिचा ‘मोमेंट ऑफ ट्रुथ’ हा कार्यक्रम राहून गेला, ज्यांना हवं त्यांनी मला तिथं गाठावं. आणि कराओके समितीतलं कुणी आलं असेल, तर आधी त्यांनी गाठावं.