थंड चाक

[दृश्य : सकाळ. शिरवळच्या पुढे, महामार्गालगतचं एक गॅरेज. भरलेला सहाटायर ट्रक. मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेक ड्रमभोवती हवा थरथरतेय.]

लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारं ब्रेकचं अस्तर, जळाल्याचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. खंबाटकी उतरून पुण्याकडे निघालेल्या या ड्रायव्हरला तो वास आला आणि त्यानं गाडी बाजूला घेतली. पुढे कात्रजचा नवा बोगदा, आणि बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. त्या उतारानं किती घरं उद्ध्वस्त केली, हे पुण्यात कुणाला सांगावं लागत नाही. त्यामुळे इथं थांबला, हेच त्यानं सर्वांत मोठं काम केलं असं मी म्हणेन.

"मिस्त्री, क्लीनर साइडचं मागचं चाक तापलंय. तेवढा ब्रेक ढिला करून द्या, निघतो."

मिस्त्रींनी पाना उचललाच नाही. टेम्परेचर गन काढली. क्लीनर साइडचा, म्हणजे डावा ड्रम, २१० अंश. गाडीला वळसा घालून ड्रायव्हर साइडला गेले. ६५.

"भाऊ, तापलंय ते चाक काम करतंय. झोपलंय ते हे."

[दृश्य : जॅकवर उचललेलं डावं चाक. हातानं फिरवताच मोकळं फिरतं.]

तापलेलं चाक धरूनही राहिलेलं असू शकतं, म्हणून आधी ही खात्री. पण ब्रेक सोडल्यावर ते मोकळं फिरलं. म्हणजे ते अडकलेलं नाही, दोघांचं ओझं एकटं ओढतंय. दोन अॅक्सलच्या ट्रकला मागच्या हौसिंगवर, म्हणजे मागच्या अॅक्सलवर, साडेअकरा टनांपर्यंत भार चालतो. एवढ्या वजनाला उतारावर आवरायचं निम्मं काम एका बाजूनं सोडलं, तर दुसरी बाजू तापणारच. अशा वेळी तिचाच ब्रेक ढिला केला असता तर मागच्या हौसिंगला ब्रेक नावालाच उरला असता.

हवेचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. कॉम्प्रेसरमधून टाकी, पॅडल दाबलं की हौसिंगजवळच्या रिले व्हॉल्व्हला इशारा जातो, आणि तिथून टाकीतली हवा दोन फाट्यांनी दोन बूस्टरना, म्हणजे हवेच्या जोरानं ब्रेकचा दांडा ढकलणाऱ्या डब्यांना, मिळते. दोन्ही चाकं सुस्त असतील तर दोष बहुधा फाट्याच्या अलीकडे. एकच सुस्त असेल तर पलीकडे. एवढ्या विचारानं अर्धी गाडी तपासण्यातून वगळता येते. न विचार करता रिले व्हॉल्व्ह बदलून पैसे घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

[दृश्य : जवळून. बूस्टरमधून बाहेर येणारा दांडा, म्हणजे पुशरॉड. मिस्त्री त्यावर खडूनं बारीक रेघ ओढतात.]

आता खरी तपासणी. जमीन सपाट. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. पार्किंग ब्रेक सोडलेला, टाकीत ७ बार हवा, इंजिन बंद. मदतनीस केबिनमध्ये चढला.

"दाब. दाबून धर. पाय हलवू नकोस."

रेघ सरकली. क्लीनर साइडला ४० मिलिमीटर. ड्रायव्हर साइडला ६०.

या वीस मिलिमीटरमध्ये सगळं आलं. ३० टाइपच्या बूस्टरचं कामाचं क्षेत्रफळ ३० चौरस इंच. ७ बार हवेला पुशरॉडवर जवळजवळ पावणेचौदाशे किलोचा जोर येतो. पण हा जोर ठरावीक अंतरापर्यंतच. साध्या ३० टाइपची पूर्ण धाव, म्हणजे पुशरॉड जास्तीत जास्त जेवढा बाहेर येतो ते अंतर, अडीच इंच, म्हणजे ६४ मिलिमीटरच्या आसपास. दोन इंचांच्या, म्हणजे ५१ मिलिमीटरच्या पुढे गेलं की जोर झपाट्यानं पडतो. त्यात घाटात ड्रम तापून फुगतो, म्हणजे लायनरला ड्रम गाठायला आणखी लांब जावं लागतं. या थंड चाकावर ६० आलेलं माप उतारावर बूस्टरच्या भिंतीला टेकणार. पॅडल पायाखाली नेहमीसारखंच लागेल, आणि चाक मात्र थांबणार नाही.

मग धाव वाढली कशानं? ड्रायव्हर सांगतो, गेल्या महिन्यात दोन ठिकाणी स्लॅक, म्हणजे पुशरॉड आणि कॅमशाफ्ट यांना जोडणारा दांडा, टाइट करून घेतला. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

"ऑटो स्लॅक आहे हा. तो स्वतःच मेळ धरतो. त्याला पुन्हापुन्हा पाना लावायची वेळ येते, म्हणजे दुखणं दुसरीकडे आहे."

[दृश्य : मिस्त्री कॅमशाफ्टखाली पहार घालून हलकेच उचलतात. शाफ्ट टकटक वाजत वर-खाली होतो.]

ऐकलंत? लायनर ड्रमवर दाबणारा कॅमशाफ्ट ज्यात फिरतो, तो बुश झिजलाय. हवेचा जोर आला की शाफ्ट फिरायच्या आधी बाजूला सरकतो, आणि पुशरॉडची निम्मी मेहनत ही फट भरण्यातच जाते.

दोन्हीकडचं माप सारखं आलं असतं तर शोध वेगळा झाला असता. दोन्ही बूस्टरच्या पाइपांना टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून प्रेशर गेज जोडायचे. एकीकडे हवा उशिरा पोचत असेल तर पाइप आतून फुगलेला किंवा मुरगळलेला. पॅडल दाबल्यावर फुसफुस ऐकू आली तर साबणाचं पाणी. डायफ्राम, म्हणजे बूस्टरमधला रबरी पडदा, फाटला असेल तर बुडबुडे सांगतील. हवा सारखी, धावही सारखी, तरी चाक थंडच, मग ड्रम उघडा. हबचं ऑइल सील गेलं की हौसिंगचं तेल लायनरवर येतं, आणि तेल प्यायलेला लायनर घासूनही पुन्हा कामाचा होत नाही.

एक गोष्ट कळकळीनं. मागचा बूस्टर डबल असतो, आणि त्याच्या मागच्या भागात दाबून बसवलेली स्प्रिंग असते. तो भाग उघडू नका. ती स्प्रिंग सुटली तर समोरच्या माणसाला सावरायला वेळ मिळत नाही. बदलायचाच असेल तर आधी लॉक बोल्टनं स्प्रिंग आवळून, अख्खा बूस्टर बदलावा.

[दृश्य : दुपार. नवे बुश, नवे लायनर. दोन्ही बाजूंना.]

लायनर जोडीनंच बदलले, एकाच कंपनीचे. ड्रायव्हर म्हणाला, "त्या बाजूचे अजून चालले असते." मिस्त्री म्हणाले, "२१० अंशांना भाजलेत ते."

पुन्हा खडू. पुन्हा रेघ. ४०, आणि ४१.

मग पाच किलोमीटरची फेरी, मधे मधे ब्रेक मारत. परत आल्यावर गन आधी क्लीनर साइडला. ९२. ड्रायव्हर स्वतः वळसा घालून पलीकडे गेला, वाकला, आकडा मोठ्यानं वाचला.

"अठ्ठ्याऐंशी."

[दृश्य : ट्रक महामार्गावर. बोगद्याच्या पाटीखालून जाताना इंजिनाचा आवाज जड होतो. खालचा गिअर.]