साठ रीबूट

[दृश्य: मंगळावरचं गुसेव्ह विवर. तांबूस माती, समोर एक टोकदार खडक. यंत्राचा हात त्या खडकापाशी टेकलेला.]

21 जानेवारी 2004. नासाचा स्पिरिट रोव्हर मंगळावर उतरल्याला अडीच आठवडे झालेत. समोरच्या खडकाचं नाव अडिरॉन्डॅक. आज त्याचं काम पुढे न्यायचं, असा बेत आहे. पृथ्वीवरून आज्ञा जातात, आणि त्यानंतर रोव्हरकडून कामाचं असं काहीच येत नाही.

कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत पहिला संशय गेला पावसावर. ऑस्ट्रेलियात, कॅनबेराजवळच्या अँटेनांवर त्या वेळी वादळी पाऊस होता. पाऊस सरला, रोव्हर मात्र ताळ्यावर येईना. कधी नुसता एक बीप. कधी शून्यं आणि एकं यांची सरमिसळ, जिच्यातून अर्थ लागत नाही.

[पडद्यावर: 10 बिट प्रति सेकंद]

23 तारखेला रोव्हर पहिल्यांदा धड बोलला. दहा मिनिटं, सेकंदाला 10 बिट या गतीनं. म्हणजे सेकंदाला जेमतेम एक अक्षर. मग वीस मिनिटं सेकंदाला 120 बिट. एवढ्या तुटपुंज्या माहितीतून जे हाती लागलं ते असं: रोव्हरचा कॉम्प्युटर सुरू होतोय, कोसळतोय, पुन्हा सुरू होतोय, पुन्हा कोसळतोय. तीन दिवसांत साठहून जास्त वेळा. आणि रात्री झोपायचं सोडून तो जागाच राहतोय. बॅटरी उतरत चालली होती.

आता थोडं त्या कॉम्प्युटरच्या आत जाऊ.

स्पिरिटमध्ये 128 मेगाबाइट रॅम होती, म्हणजे चालू कामाची मेमरी, जी वीज गेली की रिकामी होते; आणि 256 मेगाबाइट फ्लॅश मेमरी. फोटो, मोजमापं, सगळं फ्लॅशवर फाइलींच्या रूपात साठायचं. फाइलींची नोंद ठेवणारी व्यवस्था, म्हणजे फाइल सिस्टीम, होती डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या वळणाची. पृथ्वी ते मंगळ हा सात महिन्यांचा प्रवास, त्यातल्या फाइली तशाच पडून होत्या. त्यात उतरल्यानंतरच्या नव्या फाइलींची भर.

या पद्धतीत फाइल पुसली की तिच्या नोंदीवर ‘पुसलेली’ अशी खूण होते, पण नोंदीची जागा काही आकसत नाही. वाण्याच्या उधारीच्या वहीत नाव खोडलं तरी ओळ उरतेच, तसं. आणि ही सगळी यादी रॅममध्ये उतरवून घ्यावी लागे. यादी वाढत गेली, रॅम तेवढीच राहिली. एके दिवशी फाइल सिस्टीमनं आणखी मेमरी मागितली आणि ती शिल्लक नव्हती.

इथवर तर हे कुठल्याही ऑफिसातल्या मशीनचं रडगाणं आहे. पुढचं बघा.

मेमरी मिळाली नाही तर काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवलेलं असतं. ‘मेमरी नाही’ असं उत्तर मागणाऱ्याला देता येतं. मग तो आपली सोय बघतो. स्पिरिटवर सेटिंग वेगळं होतं: मेमरी मिळाली नाही की मागणारं टास्कच, म्हणजे ते चालू कामच, थांबवून ठेवायचं. ते थांबलं, तेही फाइल सिस्टीमचं कुलूप स्वतःकडे ठेवून. मग ज्याला ज्याला फ्लॅशवर काही लिहायचं-वाचायचं होतं, तो त्या कुलपापाशी अडकला. रोव्हरवर लक्ष ठेवणाऱ्या सुरक्षा-प्रोग्रामनं बघितलं की कामं पुढे सरकत नाहीयेत, आणि त्यानं नेमून दिलेलं काम केलं. रीसेट.

अवकाशात हा निर्णय एरवी शहाणपणाचाच असतो. तिथं किरणोत्सर्गामुळे मेमरीतला एखादा बिट मध्येच उलटतो. रीसेट केलं की रॅम नव्यानं भरते, चूक निघून जाते. 1997 साली मार्स पाथफाइंडरही असाच सारखा रीसेट होत होता. दर वेळी त्या दिवसाचं राहिलेलं काम लांबणीवर पडे, पण यान जिवंत राहिलं. टास्कच्या प्राधान्यक्रमात गोची होती, ती पृथ्वीवर शोधून काढली आणि दुरुस्ती मंगळावर पाठवली. पाथफाइंडरच्या सॉफ्टवेअर टीमचे प्रमुख ग्लेन रीव्ह्ज स्पिरिटच्याही सॉफ्टवेअरवर होते.

फरक असा, की स्पिरिटचं दुखणं रॅममध्ये नव्हतं. ते फ्लॅशवर होतं, आणि वीज गेली तरी फ्लॅशवरचं जात नाही. कॉम्प्युटर उठला की सगळ्यात आधी काय करायचा? तीच यादी वाचायला घ्यायचा.

[दृश्य: काळा पडदा, वर सरकत जाणाऱ्या पांढऱ्या ओळी. शेवटची ओळ थांबते.]

साधा प्रोग्राम मेला तर त्याचं आवरायला ऑपरेटिंग सिस्टीम असते. तिचा गाभा म्हणजे कर्नल. तो मेला तर आवरणार कोण? युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सुरुवातीच्या काळातला एक किस्सा सांगतात. मल्टिक्स या आधीच्या सिस्टीममध्ये चुकांतून सावरण्यासाठी भरमसाट कोड होता. युनिक्स घडवणाऱ्यांपैकी एक, डेनिस रिची यांनी सांगितलं, आम्ही ते सगळं गाळलं. आमच्याकडे पॅनिक नावाचं एक रूटीन आहे, ते चाललं की मशीन बंद पडतं, आणि आम्ही हाक मारतो, अरे, रीबूट कर रे. ऐकायला उर्मट वाटतं, पण त्यात तथ्य आहे. ज्या कर्नलची मेमरी बिघडलीय, त्याच्या हाती डिस्क देणं धोक्याचं. तो तुमच्या चांगल्या डेटावर कचरा लिहून बसेल.

म्हणून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये मोठ्या सर्व्हरवर एक युक्ती वापरतात. मशीन सुरू होतानाच रॅमचा एक कोपरा राखून त्यात दुसरा, छोटा कर्नल आणून ठेवायचा. पहिला पॅनिक झाला की थेट त्या दुसऱ्यावर उडी. दुसरा कर्नल पहिल्याची मेमरी जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवतो आणि मग मशीन रीस्टार्ट करतो. पंचनामा मेलेल्यानं स्वतः करायचा नाही, एवढं तत्त्व त्यात आहे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये तर हे हार्डवेअरपर्यंत गेलंय: चूक हाताळताना दुसरी चूक झाली, आणि तीही हाताळताना तिसरी, की प्रोसेसर नाद सोडतो आणि मशीन थेट रीसेट होतं.

पण पंचनामा झाला, तरी मशीननं उठायचं कुठल्या वाटेनं?

[दृश्य: पुन्हा लॅबोरेटरी. भिंतीवर मंगळाच्या वेळेचं घड्याळ.]

स्पिरिट वाचला तो इथं. फ्लॅशला हातच न लावता सुरू होण्याची सोय त्यात निघण्याआधीच करून ठेवली होती. त्या आज्ञेच्या नावात चक्क ‘क्रिपल्ड’ असा शब्द होता. पांगळ्या अवस्थेत ऊठ, पण ऊठ. फाइली रॅममध्ये ठेवायच्या, झोपताना त्या जाणार हे गृहीत धरायचं. 24 जानेवारीला ती आज्ञा गेली. सिग्नल पोचायला दहाएक मिनिटं, उत्तर यायला तेवढीच. रोव्हर उठला, आणि उठलेला राहिला. पुढे फ्लॅश पुसून नव्यानं फॉरमॅट केली. नव्वद दिवसांसाठी पाठवलेला स्पिरिट मार्च 2010 पर्यंत बोलत होता.

मला इथं दाद द्यावीशी वाटते ती फ्लॅशशिवाय उठायची वाट आधीच बांधून ठेवणाऱ्याला. प्रोजेक्टच्या मीटिंगमध्ये अशा गोष्टींसाठी वेळ मागून बघा, म्हणजे कळेल.

[दृश्य: विमानतळावरची रांग. काउंटरवर निळे पडदे.]

19 जुलै 2024, शुक्रवार. भारतात सकाळचे 9 वाजून 39 मिनिटं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीची एक माहिती-फाइल जगभरच्या विंडोज मशीनवर जाऊ लागली. माहितीच्या ठरलेल्या साच्यात 21 रकाने, वाचणाऱ्या कोडला मिळाले 20. एकविसावा वाचायला गेलेला ड्रायव्हर, म्हणजे क्राउडस्ट्राइकचा आतला प्रोग्राम, हद्दीबाहेरच्या मेमरीत पोचला, आणि तो कर्नलमध्ये चालणारा असल्यामुळे अख्खं मशीन बंद पडून निळा पडदा आला. कंपनीनं 78 मिनिटांत फाइल मागे घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे 85 लाख मशीन अडकली होती. इंडिगोचे हाताने लिहिलेले बोर्डिंग पास त्या दिवशी देशभर फिरले. मुंबई विमानतळावरही चेक-इन हातानं चाललं.

फाइल मागे घेऊनही मशीन उठेनात, कारण हा ड्रायव्हर अगदी सुरुवातीलाच चढतो. नेटवर्क जोडून दुरुस्त फाइल उतरण्याआधीच मशीन पडायचं. अझूर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या मशीनसाठी कंपनीचा सल्ला काय होता? रीबूट करत राहा, पंधरा वेळासुद्धा लागेल. कधीतरी नवी फाइल शर्यत जिंकेल, ही आशा. बाकीच्यांचा इलाज: मशीनसमोर माणूस बसवा, सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी गरजेपुरतंच चालू ठेवणाऱ्या अवस्थेत जा, ती एक फाइल पुसा. डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक कुलपात बंद, केलेली असेल तर आधी 48 आकडी रिकव्हरी की शोधा. एका मशीनला काही मिनिटं. पण हजारो मशीन, वेगवेगळ्या शहरांत.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं विंडोज 11 मध्ये नवी सोय आणली. मशीन वारंवार सुरू होताना पडलं, तर ते नेहमीचं विंडोज बाजूला ठेवून रिकव्हरीच्या छोट्या सिस्टीममध्ये उठतं, तिथूनच नेटवर्क जोडतं आणि कंपनीनं ठेवलेली दुरुस्ती उतरवून घेतं. ऑफिसच्या मशीनवर ती आधीपासून चालू असेलच असं नाही. आपल्याकडे आहे का, हे आयटीवाल्यांना एकदा विचारून घ्या.