स्वस्त घर आणि कागदावरचं नाव
सिडनीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप

मंडळी, सिडनीत नव्याने आलेल्या माणसाचा पहिला हिशेब चुकतो तो चारने गुणल्यामुळे. इथे भाडं आठवड्याचं सांगतात. आठवड्याला 650 डॉलर ऐकलं की आपण मनात महिन्याचे 2,600 धरतो. पण वर्षाचे आठवडे 52, म्हणजे वर्षाला 33,800 आणि महिन्याला 2,817. वर्षाकाठी 2,600 डॉलरची तूट, घरात पाऊल टाकायच्या आधीच. पगार पंधरवड्याने होत असेल तर सगळा घरखर्च पंधरवड्यातच मांडा, महिन्याच्या भानगडीत पडू नका.

घरात शिरताना न्यू साउथ वेल्समध्ये बॉन्ड म्हणून, म्हणजे अनामत म्हणून, जास्तीत जास्त 4 आठवड्यांचं आणि आगाऊ म्हणून 2 आठवड्यांचं भाडं मागता येतं. 650 च्या घराला हे 3,900 झाले. पुण्या-मुंबईत डिपॉझिट मालकाच्या खिशात जातं आणि परत मिळताना त्याच्या मर्जीवर असतं. इथे बॉन्ड राज्य सरकारकडे जमा होतो. ‘रेंटल बॉन्ड्स ऑनलाइन’वर तुम्ही तो स्वतः थेट भरू शकता, आणि तसंच करावं. भरल्याचा बॉन्ड नंबर मिळतो. नंबर नाही म्हणजे बॉन्ड भरलेला नाही, मग समोरचा कितीही गोड बोलो. मालक परदेशात आहे, किल्ली कुरियरने येईल, आधी पैसे पाठवा, असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबायचं.

आता शेअरिंग. हॅरिस पार्क, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल भागात आपली बरीच मुलं असंच राहतात आणि खर्च कमी करायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. तीन बेडरूमचं घर 750 ला घेतलं तर माणशी 250. पण आठवड्याला किती वाचतात हे विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: कागदावर मी कोण आहे?

लीजवर तिघांची नावं असतील तर तुम्ही सहभाडेकरू. हक्क पूर्ण, पण जबाबदारीही पूर्ण घराची. एकाने भाडं बुडवलं तर एजंट तुमच्या 250 पुरता थांबत नाही, सगळी थकबाकी तुमच्याकडून मागू शकतो. भाडं 14 दिवस थकलं की घर सोडण्याची नोटीस निघू शकते, तीही तिघांना. मुदतीचं लीज संपून ते पुढे तसंच चालू असेल, तर एकटा सहभाडेकरू मालकाला आणि बाकीच्यांना 21 दिवसांची लेखी नोटीस देऊन बाहेर पडू शकतो. मुदत संपायच्या आधी सगळं लीजच मोडायचं ठरलं तर त्याचा दर ठरलेला आहे: तीन वर्षांपर्यंतच्या लीजमध्ये पहिला पाव हिस्सा संपायच्या आत 4 आठवड्यांचं भाडं, अर्ध्यापर्यंत 3, पाऊण होईपर्यंत 2, त्यानंतर 1.

दुसरा प्रकार, लीज दुसऱ्याच्या नावावर आणि तुम्ही त्याचे भाडेकरू. इथेच सगळ्यात जास्त माणसं फसतात. त्या माणसाने तुमच्याशी लेखी करार केला नसेल, तर राज्याचा भाडेकरू कायदा तुम्हाला भाडेकरू मानतच नाही. व्हॉट्सअॅपवर ठरलं, बॉन्ड रोख दिला, चार महिन्यांनी ‘गावाकडून भाऊ येतोय, खोली मोकळी कर’. मग हातात काय, तर बँकेतून पैसे काढल्याची नोंद. उपाय फुकटचा आहे. फेअर ट्रेडिंग या राज्याच्या ग्राहक खात्याचा छापील भाडेकराराचा नमुना घ्या, खोली, भाडं, बॉन्ड आणि बिलांची वाटणी लिहा, दोघांनी सह्या करा. आपल्याच माणसाकडे कागद मागायचा संकोच वाटतो हे कळतं; पण जो कागदाला बिचकतो त्याच्याकडे राहायला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मूळ मालकाची लेखी परवानगी आहे का आणि लीजमध्ये किती माणसांची मर्यादा लिहिली आहे, हेही पाहा. हॉलमध्ये पडदा लावून चौथा माणूस घुसवला असेल तर एजंटच्या पुढच्या तपासणीला सगळ्यांचीच अडचण होते.

मालक त्याच घरात राहतो आणि तुम्ही एका खोलीत, तर बहुधा तुम्ही भाडेकरू नसून लॉजर, म्हणजे भाडेकरू कायद्याबाहेरचे राहणारे. पाच किंवा अधिक माणसं पैसे देऊन राहतात असं घर म्हणजे बोर्डिंग हाऊस. त्याची नोंदणी असावी लागते आणि नोंदवही लोकांना पाहता येते. नोंदणीकृत जागेत अनामत 2 आठवड्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. यादीत पत्ता सापडला नाही तर पुढे जाऊ नका.

ग्रॅनी फ्लॅट हा कुटुंबासाठी चांगला पर्याय. मोठ्या घराच्या मागच्या अंगणात 60 चौरस मीटरपर्यंतचं स्वतंत्र घर. किमान 450 चौरस मीटरच्या प्लॉटवर त्याला झटपट मंजुरीचा रस्ता आहे, म्हणून पश्चिम सिडनीत ती भरपूर दिसतात. पण रीतसर बांधलेला ग्रॅनी फ्लॅट वेगळा आणि गॅरेजला दार-सिंक लावून केलेली खोली वेगळी. राहण्याच्या खोलीची उंची साधारण 2.4 मीटर लागते. गॅरेजमध्ये छत डोक्याशी येतं, खिडकी एखादीच असते आणि कोपऱ्यात बुरशी धरते. कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, ती वापरायला मनाई केली तर बाहेर पडावं लागतं तुम्हाला. वापर परवान्याची प्रत मागा, ऑक्युपेशन सर्टिफिकेट म्हणतात त्याला.

मग मीटर बघा. विजेचा मीटर वेगळा नसेल तर भाडेकरू म्हणून विजेचं बिल तुमच्यावर लादता येत नाही. ‘बिल अर्धं-अर्धं’ हे पुढच्या घरातल्या सहा माणसांच्या गिझरचं बिल भरणं ठरतं. पाण्याचंही तसंच: मीटर वेगळा हवा, नळ गळके नकोत, आणि शॉवर-नळांचा प्रवाह मिनिटाला 9 लिटरच्या आत हवा, तरच वापराचे पैसे मागता येतात. बादली आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन एका मिनिटात तपासता येतं. 11-12 लिटर भरले तर पाण्याचं बिल मालकाचं.

भिंती पातळ असतील तर थंडीचा खर्च वेगळा धरा. 2,400 वॅटचा प्लगमधला हीटर रोज 5 तास चालला की 12 युनिट. युनिटला 35 सेंट धरले तर दिवसाला 4.20, आठवड्याला 29 डॉलर. तेवढीच ऊब गरम-थंड दोन्ही करणाऱ्या स्प्लिट एसीतून साधारण तिसऱ्या हिश्श्यात मिळते. म्हणजे हिवाळ्यात एसी नसलेलं 15 डॉलरने स्वस्त घर महागच पडतं.

दूर राहायचं असेल तर ओपल कार्डाची, म्हणजे रेल्वे-बसच्या कार्डाची, आठवड्याची मर्यादा हाताशी ठेवा, मोठ्यांसाठी 50 डॉलर. जवळच्या पॅरामॅटाहून या किंवा लांबच्या गॉस्फर्डहून या, त्याच्या वर कापत नाहीत. खरा खर्च असतो वेळेचा आणि दुसऱ्या गाडीचा. रेल्वे स्टेशनला चालत जाता येत नसेल तर दुसरी गाडी लागते, आणि तिचा विमा, रेगो (गाडीची नोंदणी), पेट्रोल भाड्यातली बचत गिळून टाकतं.

ताबा घेतल्यावर कन्डिशन रिपोर्ट, म्हणजे घराच्या स्थितीची नोंद, 7 दिवसांत भरून द्यायचा असतो. आपल्या लोकांनी स्वयंपाकघर विशेष बारकाईने बघावं. ओट्यावर आधीच पिवळे डाग असतील, चिमणीची जाळी तेलकट असेल, ओव्हनच्या काचेमागे ओघळ असतील, तर लिहा आणि फोटो काढा. नाही तर जाताना सगळी हळद तुमचीच. पाळीव प्राणी नसेल तर गालिचे व्यावसायिक माणसाकडूनच धुवून घ्या, अशी अट लीजमध्ये घालता येत नाही.

भाडं 12 महिन्यांत एकदाच वाढवता येतं, 60 दिवसांची लेखी सूचना देऊन. वाढ अवाच्या सवा वाटली तर सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत एनकॅट या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. भांडलो तर घर खाली करायला लावतील ही भीती पूर्वी खरी होती. 19 मे 2025 पासून विनाकारण घर खाली करून घेणं बंद झालं आहे.

राहता राहिलं चाकांवरचं छोटं घर, ज्याबद्दल तरुण मंडळी फार विचारतात. रस्त्यावर नेण्यासाठी रुंदी 2.5 मीटर, उंची 4.3 मीटर आणि एकूण वजन 4.5 टनांच्या आत हवं. बहुतेक मोठ्या यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाड्या, ओढतात 3.5 टन. त्यामुळे बांधून झाल्यावर वजन वाढलं की गाडीच मिळत नाही, आणि वजन वाढतंच: दुहेरी काचा, जिप्समच्या भिंती, 200 लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच 200 किलो. वजनकाट्यावर नेऊन बघायचं ते आतलं फर्निचर बसवायच्या आधी. जागेचा नियमही अडतो. घर असलेल्या प्लॉटवर एक कॅरव्हॅन परवानगीशिवाय ठेवता येते, पण त्यात मालकाने किंवा त्याच्या कुटुंबातल्याने राहावं. अनोळखी माणसाच्या अंगणात भाड्याने उभं करायचं असेल तर आधी कौन्सिलला विचारा. आणि बँका यावर सहसा गृहकर्ज देत नाहीत. मिळालंच तर चढ्या व्याजाचं, कमी मुदतीचं वैयक्तिक कर्ज. त्याचा हप्ता आणि जागेचं भाडं मिळून आठवड्याला किती होतात, ते एकदा मांडून बघा आणि शेअरिंगच्या 250 शेजारी ठेवा.